भागीदारीचीं घरें

अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन गोष्टींचा उच्चार आपण एका श्वासांत करतों. परंतु दानधर्माचा विचार निघाला म्हणजे यांतील तिसरी गोष्ट बहुधा मागें पडते. भुकेल्याला भाकरी घालणें सोपें असतें, कारण ती घालतांक्षणींच तिचें फळ डोळ्यांना दिसतें. उघड्याला वस्त्र देणेंहि तसेंच. पण ज्याचें घर गळतें त्याला काय द्यावें? घर ही एकदां देऊन संपणारी वस्तु नव्हे. दरवर्षीं मृगापूर्वीं घर शाकारावें लागतें, कौलें फिरवावीं लागतात, कुजलेला वासा बदलावा लागतो, भिंतीचे पोपडे निघाले तर गिलावा करावा लागतो, हें कोंकणांतल्या कोणाहि गृहस्थाला सांगावयास नको. ज्याच्यापाशीं या वार्षिक डागडुजीपुरतेहि पैसे नसतात, त्याचें घर कोणाच्या लक्षांत न येतां हळूहळू मरत असतें. आणि अशा घराला हात लावणें म्हणजे त्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरापासून माजघरापर्यंत परक्यानें शिरणें होय. त्यांत घेणाराची मान खालीं जाण्याचा धोका अन्नदानाहून अधिक असतो.

या अवघड कामाचा एक इतिहास आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. तो अमेरिकेच्या दक्षिण भागांतला आहे, आणि त्यांतील बहुतेक माणसें ख्रिस्ती धर्मावर निष्ठा ठेवणारीं आहेत. त्याचे कांहीं धागे आपल्या देशापर्यंत, मुंबईच्या विक्रोळीपर्यंत आणि लोणावळ्याच्या परिसरापर्यंत येऊन पोंचले आहेत, हें पुढें दिसेलच. परंतु केवळ त्या धाग्यांसाठीं आम्ही तो सांगत नाहीं. परोपकार कोठें संपतो आणि शेजारधर्म कोठें सुरू होतो, या प्रश्नाला त्या माणसांनीं आपल्या हातांनीं जें उत्तर दिलें, तें आम्हांस विचार करण्याजोगें वाटतें.

अमेरिकेसारख्या संपन्न देशांत मोडक्या घरांचा प्रश्न कसा, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर त्या देशाच्या इतिहासांत आहे. १८६५ सालीं तेथील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. परंतु मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना जमीन मिळाली नाहीं. जमीन जुन्या मालकांकडेच राहिली आणि कालचा गुलाम आज अर्धेलीचें कूळ बनला. तो मालकाच्या शेतांत कापूस पिकवी, बीं-बियाणें व धान्य उधारीनें घेई, आणि वर्षअखेर हिशेब झाला म्हणजे बहुधा त्याच्या अंगावर देणेंच शिल्लक राही. ज्या लाकडी खोपटांत तो राही तेंहि मालकाचें. फळ्यांच्या फटींतून वारा येऊं नये म्हणून बायका भिंतींना आंतून जुनीं वर्तमानपत्रें चिकटवीत. कुळानें खोपटें नीट करावें तर तें त्याचें नव्हे. मालकानें करावें तर त्याला स्वतःला तेथें राहावयाचें नव्हतें. गरिबाचें घर नादुरुस्त राहतें तें त्याच्या आळसामुळें, अशी सुखवस्तु लोकांची सार्वत्रिक समजूत असते. पण या खोपटांचा हिशेब पाहिला म्हणजे ती किती उथळ आहे हें कळतें.

पुढें सरकारनें घरबांधणीला हात दिला, तोहि या लोकांपर्यंत पोंचला नाहीं. १९३४ सालीं अमेरिकन सरकारनें घरांच्या कर्जांना हमी देण्याचें नवें खातें काढलें, आणि लक्षावधि गोऱ्या कुटुंबांना दीर्घ मुदतीच्या कर्जानें स्वतःचें घर घेतां येऊं लागलें. परंतु त्याच काळांत शहरांच्या नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या रंगानें रंगविल्या गेल्या. तेथें कर्ज देणें धोक्याचें, असा त्या रंगाचा अर्थ. ज्याला कर्ज मिळत नाहीं तो घर घेऊं शकत नाहीं, आणि ज्याचें घर नाहीं त्याच्यापाशीं तारण नाहीं म्हणून त्याला कर्ज मिळत नाहीं, असें हें चक्र पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिलें.

या पार्श्वभूमीवर क्लॅरन्स जॉर्डन या माणसाचें चरित्र पाहिलें पाहिजे. जॉर्डनचा जन्म १९१२ सालीं जॉर्जिया संस्थानांतील टॅलबटन या लहानशा गांवीं एका सुखवस्तु गोऱ्या कुटुंबांत झाला. त्याच्या घराजवळच तुरुंग होता. तो अजाण वयाचा असतांना गांवांत धर्मजागृतीच्या सभा चालल्या होत्या. तुरुंगाचा अधिकारी त्या सभेंत ईश्वरी प्रेमाचें गीत अगदीं तल्लीन होऊन गात असलेला या मुलानें पाहिला. त्याच रात्रीं तुरुंगांतून एका कैद्याच्या किंकाळ्या ऐकूं आल्या. त्या कैद्याचें अंग यंत्रावर ताणून त्याला छळणारा मनुष्य तोच होता! देवळांतलें गाणें आणि तुरुंगांतली किंकाळी यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न त्या मुलाच्या मनांत जो रुतला तो जन्मभर निघाला नाहीं.

शेतकऱ्याचें दारिद्र्य शास्त्रीय शेतीनें जाईल या विचारानें त्यानें १९३३ सालीं जॉर्जिया विद्यापीठाची शेतकी पदवी घेतली. पण नुसत्या खतानें व बियाण्यानें माणसाचें मन बदलत नाहीं असें वाटून तो पुढें धर्मशास्त्राकडे वळला आणि नव्या कराराच्या ग्रीक भाषेचा पंडित झाला. एका हातीं नांगर व दुसऱ्या हातीं ग्रीक बायबल, अशी ही दुर्मिळ जोडी होती. १९४२ सालीं त्यानें व त्याची पत्नी फ्लॉरेन्स हिनें, ब्रह्मदेशांत मिशनरी म्हणून राहून आलेल्या मार्टिन इंग्लंड व त्यांच्या पत्नी मेबल यांच्या साह्यानें, जॉर्जियांतील अमेरिकस गांवाजवळ ४४० एकर जमीन घेतली आणि तिला 'कॉयनोनिया' असें नांव दिलें. आद्य ख्रिस्ती मंडळींच्या सामायिक जीवनासाठीं नव्या करारांत हा ग्रीक शब्द योजलेला आहे. सर्वांची मिळकत एकत्र, गोरा-काळा भेद नाहीं, आणि कोणत्याहि स्थितींत शस्त्र उचलावयाचें नाहीं, हे या वसाहतीचे तीन नियम होते.

शेजाऱ्यांना मदत करण्याची या मंडळींची रीतहि पाहण्यासारखी होती. दूधदुभत्याला महाग असलेल्या कुटुंबांसाठीं त्यांनीं 'गाईंचें ग्रंथालय' काढलें. ग्रंथालयांतून पुस्तक न्यावें त्याप्रमाणें गरीब कुटुंबानें दुभती गाय घरीं न्यावी आणि ती आटली म्हणजे परत आणून दुसरी न्यावी! दुधाचें दान केलें असतें तर घेणाऱ्यांना रोज दाराशीं उभें राहावें लागलें असतें. गाय उसनी दिल्यामुळें तिचें वैरणपाणी, धार काढणें, राखण करणें हीं सारीं कामें घेणाऱ्याच्याच हातीं राहिलीं. पुढें ज्या घरांची हकीकत आम्ही सांगणार आहों, त्यांचें बीज आमच्या मतें या गाईंत आहे.

परंतु काळ्या व गोऱ्या माणसांनीं एका टेबलाशीं बसून जेवावें, एकाच दरानें मजुरी घ्यावी, ही गोष्ट त्या भागांत सहन होण्यासारखी नव्हती. येथें आपल्या देशाचा पहिला धागा लागतो. १९५० सालीं अमेरिकेंत शेतकीचें शिक्षण घेणारा एक भारतीय विद्यार्थी कॉयनोनियांत पाहुणा म्हणून आला होता. ख्रिस्ती उपासना कशी असते हें त्याला पाहावयाचें होतें, म्हणून ही मंडळी रविवारीं त्याला आपल्या नेहमींच्या बाप्टिस्ट चर्चमध्यें घेऊन गेली. त्याच्या सांवळ्या रंगामुळें तेथील लोक बिथरले. आणि थोड्याच दिवसांत कॉयनोनियाच्या मंडळींना त्या चर्चच्या सभासदत्वांतून काढून टाकण्यांत आलें. एका हिंदु तरुणाला देवघर दाखविण्याबद्दल ख्रिस्ती माणसांना ख्रिस्ती माणसांनींच वाळीत टाकावें, हा प्रकार वाचून आमच्यापैकीं कोणी हंसणार असेल तर त्यानें आधीं आपल्या गांवच्या विहिरींचा व देवळांचा इतिहास आठवावा आणि मग हंसावें.

खरें संकट पुढेंच होतें. १९५४ सालीं अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें शाळांतील वर्णभेद बेकायदेशीर ठरविला आणि दक्षिणेंत संतापाची लाट उसळली. १९५६ सालीं जॉर्डननें अटलांटा येथील एका सरकारी महाविद्यालयांत प्रवेश मागणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पाठिंबा दिला, तेव्हां त्या लाटेचा रोख कॉयनोनियाकडे वळला. दुकानदारांनीं बियाणें, खत व तेल देणें बंद केलें. विमा कंपन्यांनीं विमे रद्द केले. अंडीं कोणी घेईना. रस्त्याच्या कडेला असलेलें त्यांचें विक्रीचें दुकान प्रथम स्फोटानें मोडलें आणि नंतर साफ नष्ट केलें गेलें. रात्रीं धांवत्या मोटारींतून घरांवर गोळ्या झाडल्या जात. कॉयनोनियाशीं व्यवहार करण्याचें धैर्य दाखविणाऱ्या अमेरिकसमधील एका दुकानावरहि बाँब पडला. १९५७ च्या ईस्टरच्या सुमारास न्यू यॉर्कहून डॉरोथी डे ही प्रसिद्ध कॅथॉलिक समाजसेविका मुद्दाम येऊन या मंडळींबरोबर राहिली. रात्रीं पहाऱ्याला बसली असतांना तिच्याहि मोटारीवर गोळ्या आल्या. पहारा म्हणजे हातांत कंदील, बंदूक नव्हे.

आपल्याकडे वाळीत टाकणें म्हणजे काय हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना या वर्षांची कल्पना करून देण्याची आवश्यकता नाहीं. बरींच कुटुंबें वसाहत सोडून गेलीं. राहिले त्यांनीं एक युक्ति काढली. अक्रोडाच्या जातीचें पेकन नांवाचें फळ त्या भागांत मुबलक होतें. तें सोलून, डबाबंद करून, टपालानें देशभर विकावयाचें. गांवच्या दुकानदाराला बहिष्कार घालतां येतो. सरकारी टपालाला तो कोण घालणार? या टपालाच्या धंद्यावर वसाहत तगली.

याच सुमारास मिलर्ड फुलर नांवाचा एक तरुण वकील शेजारच्या अलाबामा संस्थानांत झपाट्यानें पैसा मिळवीत होता. तिशी गांठण्यापूर्वींच तो लक्षाधीश झाला. मोठें घर, मोटारी, सर्व कांहीं होतें. फक्त बायकोमुलांसाठीं वेळ नव्हता. १९६५ सालीं त्याची पत्नी लिंडा घर सोडून न्यू यॉर्कला निघून गेली. फुलर तिच्या मागोमाग गेला. दोघांनीं मनें मोकळीं केलीं आणि एक विलक्षण निश्चय केला, कीं सर्व संपत्ति देऊन टाकून नव्यानें संसार मांडावयाचा. परततांना एका स्नेह्याला भेटण्यासाठीं तीं दोघें कॉयनोनियांत कांहीं तासांपुरतीं थांबलीं, आणि जॉर्डनशीं गांठ पडल्यावर महिनाभर तेथेंच राहिलीं. नवराबायकोचा हा तंटा मिटला नसता तर हजारों कुटुंबांचे संसार उघड्यावर राहिले असते, असें म्हटलें तर त्यांत फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

१९६८ सालीं फुलर पुन्हां जॉर्डनकडे आला. त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला आणि त्यानंतर आठवड्याभरांतच घरांच्या विक्रींत व भाड्यांत वर्णभेद करण्यास बंदी करणारा कायदा झाला. परंतु कायद्यानें मज्जाव उठतो, घर उभें राहत नाहीं. यंत्रें आल्यामुळें अर्धेलीचीं कुळें शेतांवरून उठत होतीं, आणि त्यांना राहण्यास त्याच जुन्या खोपटांवांचून दुसरें कांहीं नव्हतें. जॉर्डनचें म्हणणें असें, कीं या लोकांना वरून येणारी करुणा नको. त्यांना भांडवल पाहिजे, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करणारीं माणसें पाहिजेत. म्हणून दोघांनीं मिळून 'भागीदारीची घरबांधणी' अशी योजना आंखली. कॉयनोनियाच्या जमिनीपैकीं अर्ध्या अर्ध्या एकराचे ४२ तुकडे पाडण्यांत आले. देणग्यांतून एक निधि उभारावयाचा. त्यांतून घरें बांधावयाचीं. घर घेणाऱ्या कुटुंबानें बांधकामांत स्वतः राबावयाचें. आणि घराची किंमत महिन्याच्या हप्त्यांनीं, मात्र एक पैहि व्याज न देतां, फेडावयाची. आलेले हप्ते पुन्हां त्याच निधींत पडावयाचे, म्हणजे एका कुटुंबानें फेडलेल्या पैशांतून दुसऱ्याच्या भिंती उठावयाच्या.

व्याज न घेण्याची ही कल्पना बायबलांतली आहे. जुन्या करारांतील 'निर्गम' या ग्रंथांत गरिबाला दिलेल्या पैशावर व्याज आकारूं नये अशी आज्ञा आहे. ख्रिस्ती जगानें ती शतकानुशतकें वाचली आणि बाजूला ठेवली. या दोघांनीं ती अक्षरशः घेतली. तिचा परिणाम किती होतो हें साध्या हिशेबानें दिसेल. समजा, ६,००० डॉलरांचें कर्ज २० वर्षांत फेडावयाचें आहे. बिनव्याजी असेल तर महिन्याचा हप्ता २५ डॉलर होतो. शेंकडा ८ दरानें व्याज धरलें तर तोच ५० डॉलरांच्या वर जातो, म्हणजे कुटुंब एका घरासाठीं दोन घरांची किंमत मोजतें. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे कां जाळले, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या हिशेबाचें मर्म समजावून सांगावयास नको.

पहिलें घर पुरें झालेलें पाहण्याचें भाग्य जॉर्डनला लाभलें नाहीं. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं, शेतांतल्या ज्या झोंपडींत बसून तो लिहीत असे तेथेंच, हृदयक्रिया बंद पडून त्याचा अंत झाला. साध्या लांकडी पेटींत घालून त्याला त्याच शेतांत पुरलें. त्या जागेवर नांवाचा दगडहि बसविला नाहीं.

फुलरनें हें काम पुढें नेलें. १९७३ सालीं तो सहकुटुंब आफ्रिकेंतील तेव्हांच्या झाईर देशांत, म्हणजे आजच्या कांगोंत, गेला आणि तेथें तीन वर्षें राहून हीच रीत परक्या मुलखांतहि चालते कीं नाहीं याचा अनुभव घेतला. परत आल्यावर १९७६ सालीं कॉयनोनियांतच स्नेह्यांची एक बैठक भरली आणि तींतून 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था जन्मास आली. हिंदुस्थानांत तिचें काम १९८३ सालीं तेव्हांच्या आंध्र प्रदेशांतील खम्मम येथें सुरू झालें.

नवें घर बांधण्यापेक्षां जुनें नीट करण्याचें काम अधिक नाजूक असतें, आणि त्याचाहि इतिहास याच काळांत घडत होता. केंटकी संस्थानाच्या डोंगराळ भागांत बहुतेक वस्ती गोऱ्यांची. परंतु कोळशाच्या खाणींत यंत्रें आलीं, मजूर बेकार झाले आणि डोंगरकडेचीं घरें ओसाड वाड्यांसारखीं दिसूं लागलीं. १९६४ सालीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं याच भागांत येऊन, एका बेकाराच्या ओसरीवर बसून, दारिद्र्याविरुद्धच्या लढ्याचा गाजावाजा केला होता. १९६९ सालीं ग्लेन एव्हन्स या मेथॉडिस्ट धर्मोपदेशकानें सुमारें ५० तरुण व प्रौढ स्वयंसेवक जमवून केंटकींतील बार्बरव्हिलजवळ चार घरांची दुरुस्ती केली. संख्या चारच, पण तींतून पुढें दर उन्हाळ्यांत हजारों तरुणांना डोंगरांत नेणारी संस्था निर्माण झाली. तिचा हेतु मोठ्या शब्दांत सांगितलेला नाहीं. घर थोडें अधिक ऊबदार, थोडें अधिक सुरक्षित आणि थोडें अधिक कोरडें व्हावें, एवढाच. चार वर्षांनीं, १९७३ सालीं, टेक्सस संस्थानांतील मिडलंड गांवच्या चर्चमधील कांहीं मंडळींनीं एप्रिल महिन्यांत आपल्याच गांवांतल्या वृद्ध व गरीब शेजाऱ्यांचीं घरें दुरुस्त करण्यास आरंभ केला. ज्यांचीं घरें नीट झालीं त्यांना तो अवेळीं आलेला नाताळच वाटला, आणि त्या उद्योगाला 'एप्रिलमधला नाताळ' हेंच नांव पडलें.

या कामाला जगभर प्रसिद्धि मिळाली ती मात्र १९८४ सालीं. कॉयनोनियापासून थोड्याच मैलांवर प्लेन्स नांवाचें खेडें आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर हे तेथले. क्लॅरन्स जॉर्डनचा पुतण्या हॅमिल्टन जॉर्डन हा त्यांच्या कारकीर्दींत त्यांचा मुख्य कारभारी होता. १९८१ सालीं अधिकारपद सोडून कार्टर गांवीं परतले होते. फुलरनें त्यांना गांठलें. त्या वर्षीं सप्टेंबरांत कार्टर व त्यांच्या पत्नी रोझलिन इतर स्वयंसेवकांबरोबर बसमध्यें बसून न्यू यॉर्कला गेलीं. काम होतें तें शहराच्या गरीब वस्तींतील एका ओसाड सहामजली इमारतीचें. तींत १९ कुटुंबांसाठीं घरें करावयाचीं होतीं. मजल्यांच्या तक्तपोशी कुजलेल्या, खिडक्या गेलेल्या, आंत कचऱ्याचे ढीग. पहिले दिवस तर कचरा उपसण्यांत व मोडक्या तुळया काढण्यांतच गेले. माजी अध्यक्ष रात्रीं इतरांबरोबर एका चर्चमध्यें झोंपत आणि दिवसा सुतारकाम करीत. पुढच्या वर्षीं तें काम पुढें चालविण्यासाठीं ते पुन्हां तेथें गेले. सुतारकामाचें ज्ञान त्यांना खरोखरच होतें, दिखाऊ नव्हे. हातोडा हातीं घेऊन छायाचित्रापुरतें उभें राहणारे पुढारी आपण पुष्कळ पाहतों, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

कार्टर यांच्या घरीं सेवेचा हा वारसा नवा नव्हता, आणि येथें विक्रोळीचा धागा लागतो. त्यांच्या मातोश्री लिलियन कार्टर या परिचारिका होत्या. १९६६ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, त्या अमेरिकन सरकारच्या शांतिदलांतून हिंदुस्थानांत आल्या आणि सुमारें दोन वर्षें विक्रोळींतील गोदरेज वसाहतींत दवाखान्याचें काम करीत राहिल्या. त्यांनीं तेथून घरीं लिहिलेलीं पत्रें १९७७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. पुढें २००६ सालीं जिमी व रोझलिन कार्टर देशोदेशींचे स्वयंसेवक घेऊन लोणावळ्याजवळ आलीं, आणि मळवलीच्या परिसरांत, ज्यांना घर मिळावयाचें होतें त्या कुटुंबांसह, १०० घरांच्या बांधणींत राबलीं. ८२ वर्षांचा मनुष्य मावळांतल्या उन्हांत थापी घेऊन विटा रचीत असलेला पाहून तेथील गवंड्यांना काय वाटलें असेल! रोझलिन २०२३ सालीं आणि जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजीं, शंभरी पुरी करून, निवर्तले.

इतकें सांगून थांबलों तर हा लेख स्तुतिपाठ होईल. या कामावर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्ष करण्यासारखे नाहींत. पहिला आक्षेप असा, कीं घरांचा प्रश्न डोंगराएवढा आणि हा यत्न मुठीएवढा. हें खरें आहे. कार्टर दांपत्यानें ३५ वर्षें दरवर्षीं एक आठवडा दिला आणि त्यांच्या या मोहिमांतून चार हजारांहून अधिक घरें बांधलीं वा दुरुस्त झालीं. एकट्या मुंबईच्या झोंपड्यांपुढें हा आंकडा कोठें राहतो? जमिनीचा, कर्जाचा व मजुरीचा प्रश्न सरकारनें सोडविल्यावांचून घरांचा प्रश्न सुटणार नाहीं, आणि स्वयंसेवकांच्या हातोड्याचा आवाज ऐकून सरकारला झोंप लागूं नये, हेंहि तितकेंच खरें.

दुसरा आक्षेप अधिक बोंचरा आहे. दूरदेशाहून आठवड्यापुरता येणारा हौशी मनुष्य खिळा वांकडा ठोकतो. त्याच्या प्रवासखर्चांत गांवच्या गवंड्याला महिनाभर काम मिळालें असतें. मग या खटाटोपाचा लाभ घरवाल्याला अधिक, कीं स्वयंसेवकाच्या अंतःकरणाला? आम्हांस वाटतें, पुष्कळ ठिकाणीं तो स्वयंसेवकालाच अधिक होत असावा. ज्या घरांत आपण पुण्य मिळवावयास जातों, त्या घरच्या माणसांना आपल्या पुण्याचें साधन बनविण्याचा मोह मोठा असतो, आणि तो कोणत्याहि एका धर्माच्या लोकांपुरता नाहीं. तिसरा आक्षेप धर्माविषयींचा. मदतीच्या मागून धर्मांतर येईल काय, ही धास्ती आपल्या समाजांत जुनी आहे. या संस्थेच्या नियमांत घर घेणाऱ्याचा धर्म विचारावयाचा नाहीं असें आहे. आणि ज्या मंडळींचा आरंभच एका हिंदु पाहुण्यासाठीं स्वतःच्या चर्चला मुकण्यांत झाला, त्यांच्याविषयीं तरी ही शंका घेतांना आम्हांस संकोच वाटतो. संस्था मोठी झाल्यावर माणसांच्या दुर्बलता तिच्यांतहि शिरल्या, हें सांगितलें पाहिजे. २००५ सालीं संचालक मंडळाशीं बिनसून खुद्द फुलर दांपत्यालाच संस्थेबाहेर जावें लागलें. त्यांनीं लागलीच दुसरी संस्था काढली आणि २००९ सालीं मरेपर्यंत फुलर घरेंच बांधीत राहिला.

या आक्षेपांना पुरें पडेल असें उत्तर कोणत्याहि मोठ्या समारंभांत नाहीं. असलेंच तर तें त्या पहिल्या ४२ तुकड्यांत आणि त्यापूर्वींच्या गाईंत आहे. जॉर्डन गरिबांच्या वस्तींत आठवड्यापुरता गेला नाहीं. सत्तावीस वर्षें तेथें राहिला. शेजाऱ्यांवरचा बहिष्कार त्यानें स्वतःवर ओढून घेतला. आणि घर देण्याची वेळ आली तेव्हां त्यानें तें फुकट दिलें नाहीं. श्रमांत व किंमतींत शेजाऱ्याचा वाटा राखून ठेवला. ज्यानें स्वतः पाया खणला आहे आणि जो दर महिन्याला हप्ता भरतो, त्याला आपल्या दारांत उभ्या असलेल्या कोणाहि उपकारकर्त्याच्या डोळ्याला डोळा भिडवितां येतो. आणि त्याच्या हप्त्यावर पुढच्याचें घर उठत असल्यामुळें तो स्वतःहि देणारा होतो. दानांत एक हात वर असतो व दुसरा खालीं. भागीदारींत दोन्ही हात एकाच तुळईला लागलेले असतात, आणि ती उचलावयाची म्हणजे कोणाचा हात वर हें पाहण्यास सवड नसते.

असो. ज्या वाचकांना हा इतिहास दूरदेशींचा वाटेल त्यांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें. आपल्या घरीं रोज भांडीं घासावयास येणारी बाई कोठें राहते, हें आपल्याला बहुधा ठाऊक असतें. तिचें छप्पर कोणत्या बाजूनें गळतें, हें मात्र आपण विचारलेलें नसतें. पावसाळ्याच्या तोंडीं ती पत्र्यासाठीं चार पैसे उचल मागते, तेव्हां आपण एक तर नाहीं म्हणतों, किंवा देऊन वर्षभर बोलून दाखवितों. यंदा मृगापूर्वीं ती उचल बिनव्याजी द्यावी, फेड तिच्या सोयीनें ठरवावी, आणि घरांतल्या एखाद्या धडधाकट मुलाला तिच्या मुलाबरोबर पत्रे चढवावयास पाठवावें. मुलगा खिळे वांकडे ठोकील; ते तिचा मुलगा त्याला नीट करून दाखवील.